पहिला उतार कुठला?

स्कीइंग शिकायला कुठे जावे, असे विचारले की आपल्याकडे तीन नावे लगेच पुढे येतात: गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचे सोलंग. खर्चाची तयारी असेल तर चौथे स्वित्झर्लंड. ही नावे सांगताना विचारणाऱ्याकडे कुणी फारसे पाहत नाही. समजा, त्याने बर्फावर कधी पाऊल ठेवलेले नाही. गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले तरी त्याच्या पोटात गोळा येतो, पडलो तर गुडघा जाईल अशी धास्ती आहे, आणि तरीही शिकायची इच्छा मनापासून आहे. अशा माणसाला या चारांपैकी कुठलेही ठिकाण लाभू शकते आणि यांपैकीच एखादे पहिल्या दिवशी कायमचे परत पाठवू शकते. सगळे अवलंबून आहे ते त्या डोंगराच्या सर्वांत खालच्या शंभर-दोनशे मीटरांत काय आहे, यावर.

माहितीपत्रके नेमकी याबद्दल गप्प असतात. शिखराची उंची, उतारांची एकूण लांबी आणि लिफ्टची संख्या त्यांत ठळक छापलेली असते. फ्रान्समधल्या आल्प द्युएझचेच बघा. तिथे ३,३३० मीटर उंचीच्या पिक ब्लांवरून निघणारा ‘सारेन’ नावाचा सोळा किलोमीटरचा काळा, म्हणजे सर्वांत कठीण दर्जाचा, उतार आहे आणि त्या ठिकाणाची ओळख म्हणून तोच सांगितला जातो. तो वाचून भित्रा माणूस पान उलटतो. पण त्याच आल्प द्युएझमध्ये गावाला लागून रुंद, मंद, हिरव्या म्हणजे सर्वांत सोप्या दर्जाचे उतार पसरलेले आहेत आणि नवशिक्यांसाठी युरोपातल्या चांगल्या जागांत त्यांची गणना होते. डोंगर वरून बघितला की भीतिदायक आणि खालून बघितला की प्रेमळ, असे पुष्कळ ठिकाणी आहे. उलटेही आहे, आणि ते जास्त धोक्याचे.

भीतीचे शरीरात काय होते ते आधी समजून घेतले, तर निवडीचे बाकीचे निकष आपोआप उलगडतात. घाबरलेला माणूस मागे रेलतो. स्कीवर मागे रेलले की वजन टाचांकडे जाते, स्कीचे पुढचे टोक हलके होते, वळण घेता येत नाही, ब्रेक लागत नाही आणि वेग वाढतो. म्हणजे ज्या वेगाची भीती, तो वेग भीतीच निर्माण करते. प्रशिक्षक ओरडत राहतो, “पुढे झुका, गुडघे वाकवा, नडगी बुटाला टेकवा!” सूचना अगदी बरोबर असते. पण समोर उतार संपताना दिसत नसेल, तर शरीर ती ऐकत नाही. आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडत. स्कीइंगमध्ये भोपळ्याचे काम उतार करतो. उताराच्या पायथ्याशी लांब सपाटी असेल, किंवा जमीन किंचित वर चढत असेल, तर काहीही चुकले तरी स्की आपोआप थांबतात. हे दोन-तीनदा अनुभवले की मग माणूस पुढे झुकतो. स्कीची टोके आत वळवून ‘स्नोप्लाऊ’ने वेग मारायचा, हा पहिला धडा त्यानंतरच अंगी लागतो.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न एकच: उतार संपतो कुठे? रस्त्यावर, कुंपणावर, ओढ्यात, गर्दीत, की मोकळ्या सपाटीत?

दुसरा प्रश्न वर जाण्याचा. उतरण्यापेक्षा चढण्याच्या साधनाने रडकुंडीला आलेले नवशिके खूप असतात. सर्वांत सोपे साधन ‘मॅजिक कार्पेट’, म्हणजे बर्फालगत सरकणारा पट्टा. त्यावर नुसते उभे राहायचे. ड्रॅग लिफ्टमध्ये दोन पायांमधली चकती किंवा पाठीमागची उलट्या टीसारखी दांडी आपल्याला ओढत नेते. तिच्यावर बसायला गेले की माणूस पडतो, आणि मागून पुढचा येत असतो. चेअरलिफ्टमध्ये बसणे सोपे, पण वर पोहोचल्यावर चालत्या खुर्चीतून उठून छोटा उतार उतरावा लागतो. आपल्याकडच्या काही जागी पहिले दोन दिवस लिफ्ट नसतेच. स्की आडव्या ठेवून, पायरीपायरीने स्वतःच चढायचे. ते दमवते हे खरे. तरी भित्र्या माणसासाठी मला ही पद्धत फार चांगली वाटते, कारण जेवढे उतरायचे धैर्य आहे तेवढेच माणूस चढतो.

तिसरी गोष्ट गर्दीची. शिकाऊ उतार वेगळा, कुंपण घातलेला हवा. वरच्या कठीण उतारांवरून येणारे तरबेज स्कीपटू परतीच्या वाटेवर त्यातूनच सुसाट जात असतील, तर पाठीमागून येणारा ‘सर्रर्र’ आवाज नवशिक्याचा जीव खातो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे पुढे, खाली असलेल्या स्कीपटूला अग्रक्रम असतो. वरून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचे. नवशिक्याने हा नियम मनात पक्का ठेवावा. उतरत असताना मागे वळून बघत बसण्याची जबाबदारी त्याची नाही. पण नियम म्हणजे भिंत नव्हे. कुंपण असलेले बरे.

चौथा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहे आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा: पहिल्या उतारानंतरचा दुसरा उतार कसा आहे? शिकाऊ उतार जवळजवळ सगळीकडे बरा असतो. प्रश्न तिसऱ्या दिवशी येतो. प्रशिक्षक म्हणतो, “आता वर जाऊ,” आणि वर एकदम खडा, अरुंद, दुपारपर्यंत ढेकळांनी भरलेला उतार निघतो. दोन दिवसांत कमावलेला विश्वास दहा मिनिटांत जातो.

ऑस्ट्रियातले सांक्ट अँटोन हे याचे बोलके उदाहरण आहे. स्कीइंग पायरीपायरीने शिकवण्याची आर्लबर्ग पद्धत हानेस श्नायडरने इथेच घडवली आणि १९२१ मध्ये इथेच आपली स्की-शाळा काढली. आज जगभर नवशिक्यांना जे शिकवले जाते, त्याची मुळे या गावात आहेत. पण हेच गाव भित्र्या नवशिक्यासाठी अवघड आहे. नासेराइनचा शिकाऊ उतार चांगला आहे. त्यापुढचे निळे, म्हणजे सोपे समजले जाणारे, उतार मात्र इतरत्र लाल, म्हणजे एक पायरी कठीण, म्हणून खपतील असे, आणि संध्याकाळी गर्दीने गजबजलेले. श्नायडरची पुढची कथाही इथे कामाची आहे. १९३८ मध्ये नाझींनी त्याला अटक केली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉनवेला गेला आणि तिथल्या क्रॅनमोर नावाच्या छोट्या, सौम्य डोंगरावर शिकवू लागला. बोस्टनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो डोंगर गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे. सांक्ट अँटोन आणि क्रॅनमोर यांत भित्र्याने कुठे जावे असे मला विचारले, तर मी क्षणभरही न थांबता क्रॅनमोर म्हणेन. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना हे एरवीही सांगावेसे वाटते: कोलोरॅडोची पाच दिवसांची सहल ठरवण्याआधी घराजवळच्या टेकडीवर दोन शनिवार काढा. छोट्या डोंगराला चुकीच्या वळणावरून भलत्याच उतारावर नेणाऱ्या वाटा कमी असतात.

वर निळा-लाल असा उल्लेख आला, त्या रंगांवर फार विसंबू नये. फ्रान्समध्ये हिरवा सर्वांत सोपा. मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीत सहसा सुरुवातच निळ्यापासून होते. जर्मन आणि ऑस्ट्रियन मानकांत निळा उतार, थोडे तुकडे सोडले तर, पंचवीस टक्क्यांपेक्षा खडा नसावा, म्हणजे शंभर मीटर आडवे अंतर कापताना पंचवीस मीटर खाली. लाल चाळीस टक्क्यांपर्यंत. ही निदान मोजपट्टी तरी झाली. अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन, काळी चौकट अशी चिन्हे १९६०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. तिथे दर्जा त्या-त्या डोंगरापुरता सापेक्ष असतो, म्हणजे एका डोंगरावरचा सर्वांत सोपा उतार दुसऱ्या डोंगरावर मध्यम ठरू शकतो. फ्रान्समधल्या व्हाल दिझेरचे निळे उतार तर कठीण म्हणून प्रसिद्धच आहेत. रंग पाहावा, पण त्याच डोंगरावरच्या दुसऱ्या रंगाशी तुलना करण्यापुरता.

आता आपल्या देशाकडे येऊ.

गुलमर्गची बातमी येते ती बहुधा वरच्या डोंगराची. गंडोलाचा, म्हणजे केबिनच्या रोपवेचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो २,६५० मीटरच्या कुरणावरून कोंगदूरीला, तीन हजार मीटरच्या जरा वर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथून खाली बहुतेक सगळा न घोटलेला, खोल, भुसभुशीत बर्फ आहे, आणि जगभरचे अनुभवी स्कीपटू त्यासाठीच येतात. हिमस्खलनही तिकडेच होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटूंचा त्यात मृत्यू झाला. अशा बातम्या वाचून नवशिके गुलमर्ग वगळतात. मला हे पटत नाही. त्यांना जे गुलमर्ग हवे ते खाली आहे: देवदारांनी वेढलेले मोठे कुरण, त्याच्या कडेचे बुटके उतार, आणि प्रत्येक उताराच्या पायथ्याशी भरपूर सपाटी. पहिल्या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर भारतात दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मिळते असे मला वाटत नाही. शिवाय घरची माणसे कडेला उभी राहून बघू शकतात. याचा कुणाला धीर येतो, कुणाला संकोच वाटतो. आपला स्वभाव ओळखून त्यांना बोलवावे.

गुलमर्गच्या उणिवाही सांगायला हव्यात. गाडी थांबताच स्लेज ओढणारे, गाइड म्हणवणारे, स्की भाड्याने देणारे भोवती जमतात, आणि नवशिक्याला त्यांतला खरा प्रशिक्षक ओळखता येत नाही. उत्तम काश्मिरी प्रशिक्षक इथे पुष्कळ आहेत; याच भागातला आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. त्यामुळे प्रमाणपत्र विचारायला लाजू नये. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था इथे अभ्यासक्रम चालवते; तिथली शिस्त आणि वेळापत्रक ज्याला मानवेल त्याने तीच वाट धरावी. ज्याला आपल्या चालीने शिकायचे आहे, त्याने एकट्यासाठी प्रशिक्षक ठरवावा. दुसरी उणीव मधल्या पायरीची. कुरण ते कोंगदूरीखालचा रानातला उतार ही उडी मोठी आहे, आणि दोन्हींच्या मधला उतार नीट निवडून देणारा प्रशिक्षक भेटणे यावर बरेच ठरते.

उंचीचाही विचार करावा. सकाळी मुंबईत समुद्रकाठी आणि संध्याकाळी २,६५० मीटरवर, अशी उडी मारली की पहिली रात्र झोप नीट लागत नाही, दोन पावले चालताच धाप लागते, छाती धडधडते. भित्र्या माणसाला ही धडधड भीतीची वाटते आणि तो आणखी घाबरतो. पहिला दिवस नुसते फिरण्यासाठी ठेवला, तर ही गफलत टळते.

औलीचा स्वभाव वेगळा. उत्तराखंडात जोशीमठच्या वर, साधारण २,५०० ते ३,०५० मीटरांच्या दरम्यान हा एकच लांब डोंगरउतार आहे, समोर नंदादेवी. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या. गढवाल मंडल विकास निगमचे निवासस्थान उताराला लागूनच आहे आणि निगम काही दिवसांचे स्कीइंग अभ्यासक्रम घेत आला आहे. राहणे, जेवण, साहित्य, शिक्षण एका जागी मिळाले की भित्र्या माणसाची निम्मी दगदग वाचते. सगळे एकाच उतारावर असल्याने चुकून भलतीकडे जायची धास्ती नाही, आणि धैर्य वाढेल तसे थोडे-थोडे वर जाऊन सुरुवात करता येते. दुसऱ्या उताराचा प्रश्न औली गुलमर्गपेक्षा चांगला सोडवते. गुलमर्गच्या कुरणासारखी ऐसपैस सपाटी मात्र तिच्याकडे नाही. पोहोचणेही कष्टाचे: ऋषिकेशहून जवळजवळ दिवसभराचा घाटरस्ता. जोशीमठ-औली रोपवे तिथली जमीन खचल्यावर जानेवारी २०२३ मध्ये बंद ठेवण्यात आला. शेवटचा टप्पा रस्त्याने करायचा हे धरूनच निघावे.

सोलंगबद्दल थोडक्यात. उतार छोटा आणि सौम्य आहे, आंचल ठाकूरसारखी आंतरराष्ट्रीय पदक मिळवणारी स्कीपटू याच परिसरातून आली, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंग वर्ग इथे होतात. पण सुट्टीच्या दिवसांत त्याच बर्फात स्लेज, टायर, स्नो-स्कूटर, पॅराग्लायडर आणि हजारो पर्यटक असतात. ज्याला शांतता हवी त्याने संस्थेच्या वर्गातून किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशीच जावे. नाताळ ते नववर्ष तर मुळीच नको.

या तिन्ही ठिकाणांचे एक बळ परदेशात मिळत नाही: प्रशिक्षकाशी हिंदीत बोलता येते. “थांबा, मला भीती वाटतेय, पुन्हा दाखवा,” हे वाक्य अडखळत्या इंग्रजीत बोलायला माणूस कचरतो, गप्प बसतो आणि तसाच वर जातो. ज्याला इंग्रजी सहज येत नाही त्याच्यासाठी हा मुद्दा मी सोयींपेक्षाही वर ठेवेन.

तीनही ठिकाणांची दुखरी बाजू बर्फाची. जानेवारी २०२४ चा बहुतेक काळ गुलमर्ग कोरडे होते. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस कडाक्याचे, त्यांना चिल्ले कलां म्हणतात. ते ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून पुढे जाणे नवशिक्याला बरे: बर्फ साठलेला असण्याची शक्यता जास्त, ऊन थोडे, बोटे गोठत नाहीत. मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो. तेव्हा दहा-अकराच्या आधी उतारावर जाऊच नये.

परदेशात जाणाऱ्यांसाठी निवड पुष्कळ आहे. मी इथे तिची यादी देत नाही. आपल्या माणसांच्या वाटेवरच्या जागाच घेतो. युरोप सहलीतले अनेक मराठी पर्यटक टिटलिसला जातात, १९९२ पासून चालणाऱ्या फिरत्या केबिनमधून वर पोहोचतात आणि “स्कीइंग म्हणजे हे” अशी धडकी भरून परततात. टिटलिसचा माथा शिकण्याची जागाच नव्हे. खाली एंगेलबर्ग गावात मठाजवळ क्लोस्टरमाट्ट नावाचा छोटा शिकाऊ उतार आहे, आणि मधल्या ट्र्यूब्झे तळ्यापाशी सरकत्या पट्ट्यांची सोय. युंगफ्राउयोखसाठी ग्रिंडेलवाल्डला जाणाऱ्यांना गावाच्या कडेलाच बोडमीचा उतार आहे. पण केवळ शिकण्यासाठीच आल्प्सला जायचे असेल, तर मी इटलीतल्या डोलोमाइट्समधल्या अल्पे दि सिउझीचे नाव घेईन. सुमारे छप्पन चौरस किलोमीटरचे हे उंचावरचे कुरण युरोपातले सर्वांत मोठे मानले जाते. तिथे शिकाऊ उतारानंतरचा दुसरा उतार सौम्य आहे, तिसराही सौम्य आहे. तरबेज माणसाला तिथे कंटाळा येतो. भित्र्याला हवे ते हेच.

दुबईतल्या आपल्या लोकांना, किंवा तिथे जाता-येता थांबणाऱ्यांना, २००५ मध्ये मॉलच्या आत उघडलेले स्की दुबई आहे. सर्वांत लांब उतार सुमारे चारशे मीटरचा. उंची नाही, वारा नाही, दरी नाही, धुके नाही. आल्प्सचा आनंद तिथे नसेल, पण बूट घालून चालणे, पडून उठणे आणि स्नोप्लाऊ हे तीन धडे मॉलमध्ये शिकून मग डोंगरावर गेलेला माणूस पहिल्या दिवशीच निराळा दिसतो.

साहित्याबद्दल एक गोष्ट आवर्जून. बूट स्कीला धरून ठेवणारी बाइंडिंग तुमचे वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि कसब बघून लावावी लागते, म्हणजे पडताना स्की सुटते आणि पायाला इजा होण्याचा धोका कमी होतो. भाड्याच्या दुकानात कुणी वजन विचारलेच नाही, तर दुकान बदलावे. हेल्मेट घ्यावे, स्की हनुवटीपेक्षा उंच नकोत, आणि प्रवासविम्यात स्कीइंगचा समावेश आहे की नाही ते बघावे.

गुलमर्गचेच ठरले, तर मी दिवस असे आखेन. पहिला दिवस श्वासासाठी. दुसरा आणि तिसरा कुरणाच्या कडेला, जवळजवळ सपाट जागी, सकाळी दोन तास आणि जेवणानंतर एक. दमलेल्या पायांनी शेवटची फेरी करण्याचा मोह टाळून. चौथ्या दिवशी त्याच उतारावर थोडे वरून, वळणे घेत. पाचव्या दिवशी प्रशिक्षकाला बरोबर घेऊन गंडोलाने कोंगदूरी. तिकीट आधी ऑनलाइन काढलेले असावे, कारण हंगामात ते जागेवर मिळेलच असे नाही, आणि ते जाण्यायेण्याचे असावे. वर पोहोचल्यावर उतार बघून मन धजावले तर स्की बांधाव्यात; नाही धजावले तर चहा पिऊन, स्की हातात धरून, त्याच केबिनने खाली यावे आणि दुपारी पुन्हा कुरणावर सराव करावा.